नव्या पिकलबॉल पॅडलचा स्पिन दोन महिन्यांत का जातो? दोष कुठे शोधायचा आणि पुढचं पॅडल कसं निवडायचं

माझ्याबरोबर पिकलबॉल (पॅडल आणि भोकांच्या प्लास्टिक बॉलने नेटवरून खेळायचा खेळ) खेळणारे जवळजवळ सगळेच कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. पॅडल नवं असतं तेव्हा टॉपस्पिनचा (पुढच्या दिशेने फिरणारा) सर्व्ह बेसलाइनच्या आत झपकन खाली येतो, स्लाइस मारलेला (उलटा फिरणारा) बॉल टप्पा पडल्यावर उठतच नाही. दोन-तीन महिने जातात आणि तोच सर्व्ह वीतभर बाहेर पडायला लागतो. हात तोच, फटका तोच. मग आणखी खरखरीत पॅडल शोधून आणलं जातं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तीच रड सुरू होते.

दीड वर्षात माझी तीन पॅडलं अशीच झाली. तिन्ही वेळा लक्षण एकच होतं, बॉल फिरत नाही आणि बाहेर जातो. पण नीट तपासलं तेव्हा कारणं तीन निघाली. पहिल्याचा पृष्ठभाग खरोखरच झिजला होता. दुसरं फक्त मळलं होतं. ते मी कामातून गेलं समजून एका मित्राला देऊन टाकलं. त्याने ते पुसून स्वच्छ केलं आणि पुढे सात-आठ महिने मजेत खेळला. तिसऱ्याचा पृष्ठभाग नव्यासारखा होता, पण ते टोकाकडे इतकं जड होतं की माझा स्विंगच मंदावला होता. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पॅडल बदलण्याआधी स्पिन कुठे गळतोय ते शोधा. ते सापडलं की पुढचं पॅडल कसं हवं हे वेगळं विचारावं लागत नाही.

आधी मोजून घ्या

‘स्पिन कमी झालाय’ असं वाटणं आणि तो कमी झालेला असणं यांत पुष्कळ अंतर असतं. वारा असतो, थकवा असतो, कधी समोरचा खेळाडूच पुढे सरकून बॉल लवकर घ्यायला शिकलेला असतो. त्यामुळे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. हातातल्या फोनवर हे जमतं.

एक बॉल घ्या आणि जाड काळ्या मार्करने त्याचा बरोबर अर्धा भाग रंगवा. नुसती रेघ ओढू नका. मी आधी रेघच ओढली होती. ती अर्ध्या फेरीनंतर पुन्हा तशीच दिसते, त्यामुळे मोजणी दुप्पट होते आणि आपण उगाच खूश होतो. अर्धा काळा, अर्धा मूळ रंगाचा बॉल असला की पूर्ण फेरी स्पष्ट कळते. फोन स्लो-मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमवर लावा आणि कोर्टाच्या बाजूला, बॉल जिथून निघतो त्याच्या थोडा पुढे ठेवा. उजेड भरपूर हवा, नाहीतर बॉल नुसता धूसर दिसतो. आता दहा सर्व्ह मारा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, काळा भाग पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मोजा आणि १४,४०० ला त्या संख्येने भागा. मिनिटाला किती फेऱ्या ते मिळतं. १२ फ्रेम लागल्या तर १,२००, ८ लागल्या तर १,८००. दहांतले सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट दोन-दोन सोडून द्या आणि मधल्या सहांची सरासरी लिहून ठेवा. आकडा अगदी अचूक नसेल, पण त्याच बॉलने, त्याच जागी, त्याच हाताने काढलेल्या दोन आकड्यांची तुलना खोटं बोलत नाही.

खरखरीतपणाला छत आहे

टेबल टेनिसमध्ये रबर बॉलला अक्षरशः धरून ठेवतं. पिकलबॉलच्या पॅडलवर रबर चालत नाही, सँडपेपरसारखा पृष्ठभागही चालत नाही. यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या उपकरणांच्या नियमांत खरखरीतपणावर मर्यादा आहे. उंचवट्यापासून खळग्यापर्यंतची सरासरी उंची ३० मायक्रोमीटरच्या आत आणि कमाल ४० च्या आत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे आपण ज्या खरखरीच्या मागे धावतो ती सरासरी अर्ध्या केसाइतकीही खोल नसते. घर्षणांकालाही ०.१८७५ ची मर्यादा आहे. तेव्हा स्पर्धेत चालणारं कुठलंही पॅडल घ्या, सगळ्यांचं छत एकच आहे. कोणीतरी त्या छताच्या वर दहा हात गेलंय, असं होत नाही.

बॉलही आपल्याला फारशी मदत करत नाही. २२.१ ते २६.५ ग्रॅमचा, कडक प्लास्टिकचा, आतून पोकळ, भोकं असलेला गोळा. तो टेनिस बॉलसारखा दबून तारांत रुतत नाही. काही सहस्रांश सेकंद पॅडलवर असतो. तेवढ्या वेळात तो आधी पृष्ठभागावर घसरतो, घर्षणाने फिरायला लागतो, आणि पकड पुरेशी असली तर पॅडलच्या वेगाशी जुळतो. पॅडल गुळगुळीत असेल तर तो जुळायच्या आत घसरून निघून जातो. पण पॅडल बॉलला घासून वर जातच नसेल, सरळ ढकलत असेल, तर पृष्ठभाग कितीही खरखरीत असून काय उपयोग? जुळायला वेगच नाही. खरखरीला छत आहे, हाताच्या वेगाला नाही. निवडीचा अर्धा हिशोब इथेच होतो.

मळ

आता तपासणी. खोलीत अंधार करा, पॅडल आडवं धरा आणि फोनचा टॉर्च अगदी कडेने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर लावा. कार्बनचं पॅडल असेल तर कापडाच्या विणीसारखी बारीक जाळी उठून दिसते. कडांजवळ ती ताजी दिसेल. मधोमध, जिथे बॉल रोज लागतो तिथे, बहुतेक वेळा पिवळसर किंवा हिरवट झाक दिसते. ती बॉलची भुकटी. प्रत्येक फटक्याला बॉलचं थोडं प्लास्टिक घासलं जातं आणि त्या बारीक खळग्यांत बसतं. वर हाताचा घाम, सनस्क्रीनचा तेलकटपणा. खळगे भरले की पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यासारखाच वागतो, झिजलेला नसला तरी.

कच्च्या (वर रंग न दिलेल्या) कार्बनच्या पॅडलसाठी रबराचा खोडरबरासारखा ठोकळा मिळतो. तो कोरड्या पृष्ठभागावर हलक्या हाताने गोल फिरवा. भुकटीच्या वळ्या निघतात, त्या झटका आणि मग ओलसर मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून वाळू द्या. रंगाबरोबर फवारलेलं ग्रिट (खरखरीत कण) असेल तर ठोकळा जपून वापरा, तिथे आधी ओल्या कापडानेच काम होतंय का ते पाहा. सँडपेपर, तारेचा ब्रश किंवा घासणी लावायचा मोह मात्र आवरा. पहिल्या दिवशी स्पिन वाढल्यासारखा वाटतो, पण तुम्ही रेझिनचा (तंतू धरून ठेवणाऱ्या राळेचा) थरच खरवडून काढलेला असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत पॅडल साफ बोडकं होतं. कार्बनची धूळ छातीत जाते ते वेगळंच. आणि पृष्ठभागात असा बदल केलेलं पॅडल स्पर्धेत चालत नाही.

स्वच्छ केल्यावर पुन्हा दहा सर्व्ह, पुन्हा आकडा. आकडा परत आला तर नवं पॅडल घ्यायची गरज नाही. मी हल्ली दर तीन-चार सत्रांनी ठोकळा फिरवतो.

झीज

आकडा परत आला नाही तर नखाची परीक्षा करा. पॅडलच्या गळ्याजवळ, हँडलच्या वर, एक कोपरा असतो तिथे बॉल सहसा लागत नाही. त्यावरून अंगठ्याचं नख हलकं ओढा आणि आवाज ऐका. कोरडा, बारीक ‘खर्र’ आवाज येतो. मग तसंच नख मधोमध ओढा. तिथे आवाज बसका आला, नख घसरत गेलं, तर झीज खरी आहे. शांत खोलीत करा, फरक कानाला लगेच कळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कच्च्या कार्बनच्या पॅडलची खरखर कार्बनच्या तंतूंची नसते. पॅडल बनवताना रेझिन ओलं असताना त्यावर एक कापड बसवतात, आणि रेझिन घट्ट झाल्यावर ते कापड सालासारखं ओढून काढतात. त्या कापडाचा ठसा रेझिनमध्ये उरतो, तीच आपली खरखर. टी७०० हे नाव तंतूच्या जातीचं आहे. तो तंतू मजबूत असतो हे खरं, पण ठसा रेझिनमध्ये आहे आणि रेझिन घासलं की ठसा जातो. म्हणून पॅडलवर टी७०० लिहिलंय एवढ्यावरून त्याचा स्पिन किती टिकेल हे ठरत नाही.

रंगात बारीक कण मिसळून फवारलेलं ग्रिट याहून लवकर जातं. गंमत अशी की दुकानात अंगठा फिरवला तर तेच सगळ्यात खरखरीत लागतं. माझं पहिलं पॅडल मी असंच अंगठ्याच्या भरवशावर निवडलं होतं. अंगठ्याला जाणवणारे मोठे, तुरळक कण बॉलला फार थोड्या ठिकाणी टेकतात आणि आधी तेच तुटतात. दाट, एकसारखी, बारीक जाळी अंगठ्याला मऊ वाटते, पण बॉलला ती जास्त काळ धरते. अलीकडे कठीण कण पृष्ठभागातच पक्के बसवलेली पॅडलंही येतात. रोज खेळणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा.

आणि टिकण्याचा हिशोब महिन्यांत करू नका, तासांत करा. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याचे सहा महिने आणि रोज दोन तास खेळणाऱ्याचे सहा महिने यांची तुलनाच होत नाही.

एक धोक्याची खूण इथेच सांगतो. झिजण्याऐवजी पॅडल अचानक जास्त जोरकस झालं, एका ठिकाणी आवाज पोकळ किंवा बदललेला येऊ लागला, अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग किंचित आत जातो असं वाटलं, तर थर सुटलाय किंवा आतला मधाच्या पोळ्यासारखा कोर चिरडलाय. तिथून बॉल ट्रॅम्पोलिनवरून उडाल्यासारखा सुटतो. त्या पॅडलने स्पर्धा खेळता येत नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांचा विचार केला तर सरावातही ते बाजूला ठेवलेलं बरं.

बॉल आणि हवा

हे लवकर उरकतं. थंडीत बॉल कडक होतो आणि पॅडलवर कमी रेंगाळतो. पॅडलवर दव किंवा घाम असेल तर घर्षण पडतं, म्हणून सोबत कोरडं कापड ठेवा. बंदिस्त कोर्टावरचा २६ भोकांचा बॉल मऊ असतो, मैदानावरचा ४० भोकांचा कडक. एकावरून दुसऱ्यावर गेलात की स्पिन बदललेला वाटणारच, त्यात पॅडलचा दोष नाही.

हात

पॅडल स्वच्छ आहे, नखाचा आवाज सगळीकडे सारखा आहे, तरी आकडा खालीच. आता सोबत्याचं नवं, कच्च्या कार्बनचं पॅडल दहा सर्व्हसाठी मागून घ्या. त्याच्यावरही आकडा तेवढाच आला तर प्रश्न स्विंगचा आहे आणि कुठलंही पॅडल विकत घेऊन तो सुटणार नाही.

व्हिडिओत बॉल लागायच्या आधीच्या आणि नंतरच्या चार-पाच फ्रेम पाहा. पॅडलचं डोकं बॉलच्या खालून वर जातंय की मागून पुढे? मागून पुढे जात असेल तर आवाजही ‘टक’ असा भरीव येतो. घासून गेलेला फटका त्यापेक्षा पातळ, सरकता वाजतो. बहुतेकांचं चुकतं ते सुरुवातीला: डोकं बॉलच्या उंचीवरूनच निघतं. त्याला हातभर खाली पडू द्या, पृष्ठभाग किंचित जमिनीकडे झुकलेला ठेवा आणि मूठ सैल धरा. मूठ आवळली की मनगट बांधलं जातं आणि टोकाचा वेग जातो. दहांत दहा आवळणं म्हणजे पूर्ण जोर धरला, तर मी बॉल लागेपर्यंत तीन-चारच्या वर जात नाही.

ज्यांनी बॉल सोडताना बोटांनी पिळून फिरवायचा सर्व्ह शिकून ठेवला होता, त्यांच्यासाठी एक आठवण: २०२३ पासून हाताने स्पिन देऊन बॉल सोडणं नियमाबाहेर आहे. तो स्पिन पॅडलने भरून काढू म्हणाल तर तो पूर्णपणे भरून येणार नाही.

मग पॅडल कोणतं?

तपासणीतून बाहेर आलात की निवड पुष्कळ सोपी होते. दोष झिजेचा होता तर पुढच्या वेळी फवारलेलं ग्रिट टाळा, दाट ठशाचं कच्चं कार्बन किंवा पक्क्या कणांचं पॅडल घ्या. फायबरग्लासचं गुळगुळीत, रंगवलेलं पॅडल जोर चांगला देतं, पण स्पिनसाठी घेऊ नका.

दोष वेगाचा असेल तर पृष्ठभाग विसरा आणि स्विंग वेट पाहा. हा शब्द अजून आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, आणि माझ्या मते निवडीत सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. वजनकाट्यावर २२५ ग्रॅम दाखवणारी दोन पॅडलं हातात अगदी वेगळी फिरतात, कारण एकाचं वजन हँडलजवळ असतं आणि दुसऱ्याचं टोकाशी. स्विंग वेट म्हणजे फिरवताना जाणवणारं वजन. पुष्कळ उत्पादक आणि परीक्षणकर्ते हा आकडा देतात. साधारण १०० ते १२५ च्या दरम्यान असतो, आणि कमी आकडा म्हणजे हातात जलद फिरणारं पॅडल. आकडा मिळाला नाही तर दोन पॅडलं एकेका बोटावर आडवी तोलून पाहा. ज्याचा तोल हँडलपासून लांब जातो ते टोकाकडे जड. पण खरी परीक्षा तासभर खेळल्यावर होते. पहिल्या दहा मिनिटांत कुठलंही पॅडल हलकंच लागतं. माझं तिसरं पॅडल सुरुवातीला झकास चालायचं आणि दुसऱ्या गेमनंतर माझा आकडा हळूहळू उतरत जायचा. तेवढ्यावरून दोष कळला.

आकाराचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही, लांबी १७ च्या वर नाही. त्यामुळे लांब पॅडल साडेसोळा बाय साडेसात, रुंद पॅडल सोळा बाय आठ अशी वाटणी होते. लांब पॅडलचं टोक जास्त मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून तेवढ्याच हाताने टोकाचा वेग जास्त मिळतो, असा हिशोब मांडतात. तो बरोबर आहे, पण खांदा आणि मनगट ते पॅडल फिरवू शकत असेल तरच. लांब पॅडलचं स्विंग वेटही वाढतं, आणि नेटजवळ बॉल अंगावर आला की ते वेळेवर वळत नाही. ज्यांचा स्विंग पूर्ण आहे आणि जे मागून ड्राइव्ह मारतात त्यांनी लांब घ्यावं. किचनच्या (नेटलगतच्या पट्ट्याच्या) रेषेवर जास्त वेळ घालवणाऱ्याला रुंद किंवा मधला आकारच जास्त स्पिन देतो, कारण तो खरोखर फिरवता येतो.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे. १३-१४ मिलिमीटरचं पॅडल चपळ असतं, बॉल त्याच्यावरून झटकन सुटतो. १६ मिलिमीटरचं शांत असतं. कागदावर पाहिलं तर पातळ पॅडलने स्पिन जास्त मिळायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? बॉल बाहेर जातो म्हणून खेळाडू हात आखडतो, आणि आखडलेल्या हातातून स्पिन येत नाही. जोराचं पॅडल असं हळूहळू स्पिन खातं. १६ मिलिमीटरवर आलो तेव्हा मला पूर्ण हात सोडता आला, आणि पृष्ठभाग त्याच जातीचा असूनही आकडा वर गेला. म्हणून स्पिन हवा असेल तर ज्या पॅडलने निर्धास्तपणे पूर्ण स्विंग घेता येईल ते घ्या.

हँडलबद्दल थोडक्यात. दोन हातांनी बॅकहँड मारत असाल तर साडेपाच इंच लांबी बघा. मूठ बारीक असेल तर मनगट मोकळं फिरतं, पण फार बारीक घेतलीत तर पॅडल हातात वळू नये म्हणून तुम्ही ते आवळणार आणि कोपर दुखणार. मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली की माप बरोबर. शंका असेल तर बारीक घ्या. ओव्हरग्रिप गुंडाळून जाड करता येतं, जाड हँडल बारीक करता येत नाही.

लीड टेप (वजन वाढवायची शिशाची चिकटपट्टी) नियमाने चालते, पण ती कुठे लावता यावर सगळं आहे. दोन्ही बाजूंना, घड्याळात तीन आणि नऊ असतात तिथे लावली तर मधोमध न लागलेल्या फटक्यातही पॅडल वळत नाही. टोकाला लावली तर स्विंग वेट वाढतं, म्हणजे जो वेग मिळवायला आपण इतका आटापिटा केला तोच जातो. दोन-तीन ग्रॅमने सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी दहा सर्व्ह मोजा.

स्पर्धा खेळत असाल तर घेण्याआधी मान्यताप्राप्त पॅडलांच्या यादीत नेमकं मॉडेल आहे का ते पाहून घ्या. नावात एखादं अक्षर किंवा जाडी वेगळी असली तरी ते वेगळं मॉडेल धरलं जातं.

पॅडल हातात आलं की पहिल्याच दिवशी, ते कोरं असताना, रंगवलेल्या बॉलने दहा सर्व्हचा व्हिडिओ काढा आणि तारखेसह आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. गळ्याजवळच्या कोपऱ्यावर नख ओढून त्याचा आवाजही रेकॉर्ड करा. तिथून पुढे खेळलेले तास लिहीत जा आणि साधारण दर वीस तासांनी, आधी स्वच्छ करून, तोच व्हिडिओ पुन्हा काढा. पहिला आकडा हाती नसेल तर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?